ॲपवरील टॅक्सीच्या अपघातानंतर विम्याचा दावा कसा करावा

ओला, उबर किंवा तत्सम ॲपवर चालणाऱ्या टॅक्सीला अपघात झाला की पहिला प्रश्न बहुधा असा विचारला जातो: त्या वेळी ॲप चालू होते का? अमेरिकेत हा प्रश्न खरोखरच निर्णायक असतो. तेथे खासगी मोटार घेऊन फेऱ्या करता येतात, आणि ॲप बंद असताना, ॲप चालू असून बुकिंग नसताना व बुकिंग स्वीकारल्यापासून प्रवासी उतरेपर्यंत कोणाचा विमा लागू होईल हे टप्प्याटप्प्याने बदलते. इंटरनेटवरील बरीचशी माहिती तिकडूनच आलेली असल्यामुळे आपल्याकडील चालकही तेच नियम गृहीत धरून चालतात. भारतात मात्र ॲपवरील टॅक्सी हे कायद्याच्या दृष्टीने परमिटवर चालणारे परिवहन वाहन असते; तिची पाटी पिवळी असते आणि तिची पॉलिसी व्यावसायिक वापराची असते. ॲप चालू असो वा बंद, गाडीत प्रवासी असो वा नसो, ती पॉलिसी लागूच राहते. त्यामुळे आपल्याकडे विचारण्याचा पहिला प्रश्न वेगळा आहे: गाडीचा विमा ज्या वापरासाठी उतरवला होता त्याच वापरात, वैध कागदपत्रांसह आणि वैध लायसन्स असलेल्या चालकाच्या हाती ती गाडी अपघाताच्या क्षणी होती का? ॲपवरील नोंदीचे महत्त्व त्यानंतर येते आणि तेही मर्यादित कारणांसाठी.

एका पॉलिसीतील निरनिराळे विमे

‘आपला फुल इन्शुरन्स आहे’ असे चालक सर्रास सांगतात, पण त्या एका पॉलिसीत निदान तीन स्वतंत्र विमे एकत्र बांधलेले असतात आणि अपघातानंतर प्रत्येकाचा दावा वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या पद्धतीने करावा लागतो, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

पहिला थर्ड पार्टी विमा. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 146 नुसार तो सक्तीचा आहे. पादचारी, समोरच्या वाहनातील माणसे आणि टॅक्सीत बसलेले प्रवासी यांना झालेली इजा किंवा त्यांचा मृत्यू यांची भरपाई या विम्यातून दिली जाते, आणि दावा न्यायाधिकरणाने, म्हणजे मोटार अपघातांच्या भरपाईचे दावे चालवणाऱ्या विशेष न्यायपीठाने, ठरवलेल्या त्या भरपाईला पॉलिसीत वरची मर्यादा घातलेली नसते. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला मात्र मर्यादा असते. ती साधारणपणे 7.5 लाख रुपये असते, परंतु हप्ता थोडा कमी व्हावा म्हणून ती 6,000 रुपयांवर आणण्याचा पर्याय मालकाने निवडलेला असू शकतो. एखाद्या महागड्या मोटारीला धडक बसल्यानंतर हा पर्याय लक्षात येण्यापेक्षा पॉलिसी आजच उघडून पाहिलेली बरी.

दुसरा विमा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो ऐच्छिक असतो, मात्र कर्जावर घेतलेल्या गाडीसाठी फायनान्स कंपनी तो घ्यायला लावतेच. तिसरा म्हणजे मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा. त्याची रक्कम 15 लाख रुपये असते आणि तो फक्त नोंदणीकृत मालक स्वतः गाडी चालवत असेल, तेही त्याच्याकडे वैध लायसन्स असेल, तरच लागू होतो. दुसऱ्याची, ॲपला जोडलेली (अटॅच केलेली) गाडी रोजच्या भाड्याने किंवा शिफ्टवर चालवणाऱ्याला या 15 लाखांतील एक रुपयाही मिळत नाही.

अपघाताच्या जागी काय करावे

अधिनियमाच्या कलम 134 ने चालकावर तीन कर्तव्ये टाकली आहेत: जखमींना वैद्यकीय मदत मिळवून देणे, शक्य तितक्या लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत 24 तासांच्या आत पोलिसांना खबर देणे, आणि विमा कंपनीला पॉलिसीचा क्रमांक, अपघाताची तारीख, वेळ, ठिकाण, जखमींचा तपशील व चालकाच्या लायसन्सची माहिती कळवणे. जमावाच्या संतापामुळे जखमींजवळ थांबणे शक्य नसेल, तर चालकाला तेथून निघून जाण्याची मुभा कायद्यानेच दिली आहे. पण ती सवलत पळून जाण्याची नव्हे. जवळच्या पोलीस ठाण्यात तत्काळ हजर झालेल्या चालकाची बाजू आणि दुसऱ्या दिवशी घरून ताब्यात घेतलेल्या चालकाची बाजू यांत पुढे न्यायालयातही मोठा फरक पडतो.

112 या क्रमांकावर दूरध्वनी केल्यानंतर, आणि गाड्या हलवण्यापूर्वी, दोन्ही वाहनांची स्थिती, नंबर पाट्या, रस्त्यावरील ब्रेकच्या खुणा, सिग्नल व आजूबाजूचा परिसर यांची छायाचित्रे काढावीत. बुकिंग चालू असेल, तर ट्रिपचा क्रमांक, वेळ व नकाशा दिसेल असा स्क्रीनशॉट लगेच घेऊन ठेवावा. प्रवाशाचा क्रमांक ॲप बहुधा झाकून ठेवते, म्हणून त्याच्या संमतीने त्याचे नाव व क्रमांक त्याच वेळी लिहून घ्यावा. पुढे साक्षीदार म्हणून त्याचाच सर्वांत जास्त उपयोग होतो. जखमींच्या उपचारांसाठी मे 2025 पासून केंद्राची रोकडरहित उपचार योजना आहे. तिच्यानुसार नियुक्त रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून 7 दिवसांपर्यंत, प्रत्येक जखमीमागे 1.5 लाख रुपयांपर्यंतचा खर्च केला जातो. जखमी चालकही तिचा लाभार्थी असतो, ही गोष्ट रुग्णालयाच्या खिडकीवर ठामपणे सांगावी लागू शकते.

जागेवरच तडजोड करून मोकळे होण्याचा मोह मोठा असतो. गाडीला ओरखडा आला असेल, कोणालाही लागले नसेल आणि दोघेही समंजस असतील, तर व्यवहारात ते चालूनही जाते. पण कोणालाही किंचितशीही इजा झाली असेल, तर तडजोड करू नये. आपली चूक मान्य करणारा किंवा पैसे देण्याचे वचन देणारा कागद विमा कंपनीच्या लेखी संमतीवाचून लिहून देऊ नये, अशी पॉलिसीचीच अट असते. शिवाय आज ‘काही झाले नाही’ म्हणणारा माणूस उद्या डोक्याला मार लागल्याचे कळल्यावर रुग्णालयात दाखल होतो, आणि तेव्हा पोलिसांकडे कोणतीही नोंद नसणे चालकाला सर्वाधिक महागात पडते.

एक गैरसमज येथेच दूर करायला हवा. आपल्यावर गुन्हा नोंदला गेला किंवा निष्काळजीपणा सिद्ध झाला तर विमा कंपनी पैसे देणार नाही, अशी भीती चालकांच्या मनात असते. वस्तुतः थर्ड पार्टी विमा असतो तोच चालकाच्या निष्काळजीपणामुळे इतरांना झालेल्या हानीसाठी. विम्याचे संरक्षण जाते ते निष्काळजीपणाने नव्हे, तर पॉलिसीच्या शर्तीचा भंग केल्याने किंवा खोटे बोलल्याने. लायसन्सची मुदत संपली आहे म्हणून भावाला चालक म्हणून उभे करणे, किंवा एकाच्या आयडीवर दुसऱ्याने गाडी चालवणे, हे प्रकार ॲपच्या टॅक्सीत विशेष धोक्याचे आहेत, कारण त्या क्षणी कोण लॉग-इन होते, गाडी कोठे होती आणि किती वेगात होती याची नोंद ॲप कंपनीकडे असते आणि विमा कंपनीचा तपासनीस ती मागवू शकतो. जबाब आणि ही नोंद जुळली नाही की खरा असलेला दावाही संशयास्पद ठरतो.

स्वतःच्या गाडीचे नुकसान

विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावे आणि दाव्याचा क्रमांक मिळवावा. सर्व्हेअरने, म्हणजे नुकसानीची पाहणी करून अंदाज देणाऱ्या तज्ज्ञाने, पाहण्यापूर्वी गाडी खोलू नये, एकही भाग बदलू नये. 50,000 रुपये वा त्याहून अधिक नुकसानीच्या मोटार दाव्यात परवानाधारक सर्व्हेअर नेमणे बंधनकारक आहे. तो 24 तासांत नेमला जावा आणि त्याने 15 दिवसांत अहवाल द्यावा, असे विमा नियामकाचे 2024 चे निर्देश आहेत. गाडी चालू स्थितीत नसेल, तर ती टो करून जवळच्या गॅरेजमध्ये न्यावी, पण तिला रस्त्याच्या कडेला राखणीवाचून सोडून जाऊ नये. त्यानंतर सुटे भाग चोरीला गेले, तर ती हानी विमा कंपनी मान्य करणार नाही.

हातात येणारी रक्कम बिलाइतकी नसते. रबर, नायलॉन व प्लास्टिकचे भाग, टायर-ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग यांवर 50 टक्के घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, कापला जातो, फायबरग्लासच्या भागांवर 30 टक्के, तर काचेवर काहीच नाही. धातूच्या भागांची कपात गाडीच्या वयानुसार वाढत जाते. एक ते दोन वर्षांच्या गाडीला ती 10 टक्के, तीन ते चार वर्षांच्या गाडीला 25 टक्के आणि पाच ते दहा वर्षांच्या गाडीला 40 टक्के असते. आजच्या मोटारीचा पुढचा भाग बहुतांशी प्लास्टिकचाच असल्यामुळे समोरून बसलेल्या धडकेत चालकाच्या खिशाला अपेक्षेपेक्षा मोठी चाट बसते. झिरो डेप्रिसिएशनचे पूरक संरक्षण घेतले असेल, तर ही कपात टळते. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या घोषित विमा मूल्याच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, 75 टक्क्यांहून अधिक होत असेल, तर गाडी पूर्ण बाद धरली जाते. मात्र तिच्यावर कर्ज असेल, तर तो पैसा आधी फायनान्स कंपनीकडे जातो आणि कर्ज फिटून उरले तरच मालकाच्या हाती येते.

गाडी गॅरेजमध्ये उभी असताना बुडालेल्या धंद्याची आणि चालूच राहिलेल्या कर्जाच्या हप्त्याची भरपाई ही पॉलिसी करत नाही. चालकाची खरी कोंडी येथेच होते. चूक समोरच्या वाहनाची असेल, तर मालमत्तेच्या नुकसानीचा दावा त्या वाहनाच्या मालकावर व विमा कंपनीवर न्यायाधिकरणात करता येतो, पण तो मार्ग लांबचा आहे. एकाच नुकसानीची भरपाई आपल्या व समोरच्याच्या अशा दोन्ही विमा कंपन्यांकडून घेता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

दावा फेटाळण्याची दोन कारणे टॅक्सीच्या बाबतीत वारंवार पुढे येतात. एक म्हणजे बाहेरून बसवलेला सीएनजी किट आरसी बुकात व पॉलिसीत नोंदलेला नसणे. दुसरे म्हणजे जुनी टॅक्सी विकत घेतल्यावर पॉलिसी आपल्या नावावर करून न घेणे. गाडी विकली गेली की थर्ड पार्टी विमा आपोआप नव्या मालकाकडे जातो. स्वतःच्या नुकसानीच्या भागासाठी मात्र 14 दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी बदलून घ्यावी लागते.

कोणी जखमी झाले किंवा दगावले असेल तर

1 एप्रिल 2022 पासून लागू असलेल्या नियमांनुसार अपघाताची खबर मिळाल्यावर 48 तासांत तपास अधिकाऱ्याने पहिला अपघात अहवाल दावा न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत द्यायचा असतो. चालकाने नमुना 3 आणि मालकाने नमुना 4 हा 30 दिवसांच्या आत भरून तपास अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. सगळ्याच पोलीस ठाण्यांत हे वेळापत्रक पाळले जाते असे नाही, परंतु कोणी मागितला नाही म्हणून नमुना भरायचा नाही, हे धोरण चालकाच्या हिताचे नाही. तो भरावा, त्याला लायसन्स, परमिट, फिटनेस प्रमाणपत्र व पॉलिसी यांच्या प्रती जोडाव्यात आणि पोहोच घ्यावी.

जखमी व्यक्ती किंवा मृताचे वारस कलम 166 खाली न्यायाधिकरणात अर्ज करतात. त्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. कलम 164 खाली कोणाची चूक हे न तपासता मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर इजेसाठी 2.5 लाख रुपये मिळवण्याचाही पर्याय त्यांना असतो. अर्जात चालक, मालक व विमा कंपनी असे तीन प्रतिवादी असतात. नोटीस आल्यावर ‘विमा कंपनीचा वकील पाहून घेईल’ असे म्हणून घरी बसणे, ही माझ्या मते या साऱ्या प्रक्रियेतील सर्वांत महागडी चूक आहे. अर्जदाराची मागणी फुगवलेली आहे, असे म्हणताना विमा कंपनी आणि मालक एकाच बाजूला असतात. पॉलिसीची शर्त मोडली गेली, असा बचाव कंपनीने घेतला की ती मालकाच्या विरोधात उभी राहते, आणि त्या वेळी मालकाची कागदपत्रे न्यायाधिकरणासमोर मांडणारे दुसरे कोणी नसते.

कलम 150 ने कंपनीला मोजकेच बचाव दिले आहेत: परमिट नसलेले वाहन भाड्याने चालवणे, परमिटमध्ये न बसणाऱ्या कारणासाठी वाहन वापरणे, वैध लायसन्स नसलेल्याच्या हाती गाडी देणे, आणि मद्य किंवा अमली पदार्थांच्या अंमलाखाली गाडी चालवणे हे त्यांतील प्रमुख. परंतु शर्तीचा भंग झाला एवढे सांगून कंपनीची सुटका होत नाही. तो भंग मालकाच्या जाणीवपूर्वक कृतीने वा हलगर्जीपणाने झाला हे कंपनीनेच सिद्ध केले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने स्वरण सिंग खटल्यात 2004 मध्ये स्पष्ट केले. म्हणूनच आपली गाडी दुसऱ्याला चालवायला देणाऱ्या मालकाने चालकाच्या लायसन्सची परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर खातरजमा करून तिची छापील प्रत तारखेसह जपून ठेवावी. लायसन्स पुढे बनावट निघाले, तरी आपण वाजवी काळजी घेतली होती हे त्या एका कागदाने दाखवता येते.

भंग सिद्ध झाला तरी न्यायाधिकरणे पुष्कळदा ‘आधी द्या, मग वसूल करा’ असा आदेश देतात. पीडिताला विमा कंपनीने पैसे द्यायचे आणि नंतर ते मालकाकडून वसूल करायचे, असा त्याचा अर्थ. परमिट नसलेल्या वाहनाबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये हाच मार्ग कायम ठेवला. पीडिताच्या दृष्टीने हे न्याय्य आहे, पण मालकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ विमाच नसल्यासारखा आहे, कारण वसुलीसाठी त्याच्या मालमत्तेवर टाच येऊ शकते. परमिटची किंवा फिटनेसची, म्हणजे रोजच्या भाषेत पासिंगची, तारीख उलटून गेलेली गाडी ‘दोनच दिवसांचा प्रश्न आहे’ म्हणून रस्त्यावर काढणाऱ्याने ही रक्कम लाखांत असते हे विसरू नये. नव्या टॅक्सीचे पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते.

बॅजचा, म्हणजे परिवहन वाहन चालवण्याच्या वेगळ्या परवानगीचा, प्रश्न मात्र आता सुटला आहे. हलक्या मोटारीच्या लायसन्सवर परिवहन वाहनाची वेगळी नोंद नव्हती, या कारणावरून विमा कंपन्या वर्षानुवर्षे दावे नाकारत आल्या. 6 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने 7,500 किलोग्रॅमपर्यंत एकूण वजनाच्या परिवहन वाहनासाठी हलक्या मोटारीचे लायसन्स पुरेसे आहे, असा निर्णय दिला. प्रत्येक ॲप-टॅक्सी या वजनाच्या पुष्कळ खाली येते. परिवहन खात्याच्या नियमांसाठी बॅज लागत असेल तर तो काढावाच, पण तो नव्हता एवढ्याच कारणाने विमा नाकारल्याचे पत्र आल्यास या निर्णयाचा हवाला देऊन लेखी उत्तर पाठवावे.

चालक स्वतः जखमी झाला तर

येथे चूक कोणाची आणि गाडी कोणाची या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर सारे अवलंबून असते. चूक समोरच्या वाहनाची असेल, तर टॅक्सीचालक स्वतःच ‘थर्ड पार्टी’ ठरतो आणि त्या वाहनाच्या विमा कंपनीविरुद्ध पूर्ण भरपाईचा दावा करू शकतो. समोरचे वाहन पळून गेले आणि त्याचा पत्ता लागलाच नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर इजेसाठी 50,000 रुपये मिळतात. चूक चालकाची स्वतःची असेल आणि गाडीही त्याचीच असेल, तर तो किंवा त्याचे वारस आपल्याच विमा कंपनीविरुद्ध न्यायाधिकरणात जाऊ शकत नाहीत; त्यांच्या वाट्याला 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमाच येतो. त्यातही मृत्यू किंवा दोन अवयव गमावल्यास पूर्ण रक्कम आणि एक हात, एक पाय किंवा एक डोळा गमावल्यास निम्मी रक्कम असे प्रमाण आहे. हाड मोडून तीन महिने घरी बसावे लागले, तर त्यातून काहीच मिळत नाही.

दुसऱ्याच्या गाडीवर पगारी नोकर असलेल्या चालकाला मालकाकडून कर्मचारी भरपाई मागता येते. ही तरतूद पूर्वी 1923 च्या कायद्यात होती, ती आता सामाजिक सुरक्षा संहिता 2020 मध्ये आली आहे, आणि ती जबाबदारी मालकाच्या पॉलिसीत अंतर्भूत असते. अडचण येते ती रोज ठरावीक रक्कम मालकाला देऊन उरलेले स्वतः ठेवणाऱ्या चालकाची. त्याला पगार नसतो, नेमणुकीचे पत्र नसते, आणि तो नोकर नसून भाडेकरू आहे, असा पवित्रा मालक व विमा कंपनी दोघेही घेऊ शकतात. अशा चालकाने गाडी हाती घेण्यापूर्वीच चालकासाठीचे वैयक्तिक अपघात संरक्षण पॉलिसीत जोडून घेण्याचा आग्रह धरावा, आणि मालक ऐकत नसेल तर स्वतःच्या नावाने स्वतंत्र अपघात विमा काढावा.

मोठ्या दाव्यात सर्वाधिक वाद उत्पन्नावरून होतो. मृत्यूच्या दाव्यात भरपाई मोजण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (2009) आणि प्रणय सेठी (2017) या निर्णयांनी ठरवून दिली आहे. समजा, 34 वर्षांच्या चालकाचे सर्व खर्च वजा जाता मासिक उत्पन्न 25,000 रुपये होते आणि त्याच्यावर चार जण अवलंबून होते. वार्षिक उत्पन्न 3 लाख रुपये. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या, चाळिशीच्या आतील व्यक्तीच्या भावी उत्पन्नवाढीसाठी त्यात 40 टक्के मिळवले की 4.2 लाख होतात. मृताच्या स्वतःच्या खर्चासाठी त्यातून एक चतुर्थांश वजा केला की 3.15 लाख उरतात. 31 ते 35 या वयासाठी गुणक 16 असल्यामुळे ही रक्कम 50.4 लाख रुपये होते, आणि अंत्यसंस्कार, सहवासाची हानी वगैरेंच्या ठरावीक रकमा त्यावर मिळतात. उत्पन्न सिद्ध झाले नाही आणि न्यायाधिकरणाने मासिक 12,000 रुपयेच धरले, तर हीच बेरीज 24 लाख 19 हजार 200 रुपयांवर येते. म्हणून ॲपकडून मिळणारी साप्ताहिक हिशेबपत्रके, बँकेचे खातेपुस्तक आणि प्राप्तिकर विवरणपत्रे वेळच्या वेळी जपून ठेवावीत. ॲपवरील खाते बंद झाले की जुनी पत्रके उतरवून घेणे अवघड होऊन बसते, आणि अपघातानंतर भरलेल्या विवरणपत्राकडे न्यायाधिकरण संशयाने पाहते.

कायमच्या अपंगत्वात डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावरील टक्केवारी अंतिम नसते. त्या अपंगत्वाने त्या माणसाची कमावण्याची क्षमता किती गेली हे पाहिले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सांगितले आहे. गुडघा कायमचा निकामी झालेल्या कारकुनाचे उत्पन्न फारसे घटणार नाही, पण चालकाचा व्यवसायच संपू शकतो. त्यामुळे प्रमाणपत्रावर 40 टक्के लिहिलेले असले तरी व्यवसाय कोणता हे अर्जात स्पष्टपणे मांडून त्यानुसार मागणी करावी.

ॲप कंपनीचे संरक्षण

आता पहिल्या प्रश्नाकडे वळता येईल. ॲप चालू होते की नाही याला महत्त्व येते ते कंपनीने चालक व प्रवासी यांच्यासाठी घेतलेल्या समूह विम्याच्या बाबतीत. केंद्राच्या 2020 च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रत्येक चालकासाठी किमान 5 लाखांचा आरोग्य विमा आणि किमान 10 लाखांचा मुदत विमा काढण्याची जबाबदारी ॲप कंपनीवर टाकलेली आहे, आणि 2025 च्या सुधारित तत्त्वांनीही ती कायम ठेवली आहे. प्रत्यक्ष अंमलबजावणी मात्र राज्यांच्या नियमांवर अवलंबून राहते. याखेरीज कंपन्या स्वतःहून जे अपघात संरक्षण देतात, त्याच्या अटी ॲपमध्येच कोठेतरी खोल दडलेल्या असतात. ते संरक्षण बहुधा बुकिंग स्वीकारल्यापासून ट्रिप संपेपर्यंतच असते, आणि दावा कळवण्याची मुदत त्यात थोडी असू शकते. म्हणून ॲपमधील सुरक्षा किंवा मदत विभागातून अपघाताची नोंद त्याच दिवशी करावी आणि तिचा क्रमांक जपावा. बुकिंग रद्द करून प्रवाशाला बाहेरच्या बाहेर नेण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. अशा फेरीत अपघात झाला, तर टॅक्सीची स्वतःची पॉलिसी, परमिट वैध असल्यास, लागू राहते, परंतु कंपनीच्या समूह विम्यावर चालकाला आणि प्रवाशाला पाणी सोडावे लागते.

पांढऱ्या पाटीच्या खासगी मोटारीने भाडे घेऊन प्रवासी नेणाऱ्यांची स्थिती याहून वाईट असते. खासगी मोटारीच्या पॉलिसीत भाड्याने वापर स्पष्टपणे वगळलेला असतो. त्यामुळे गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जातो, आणि प्रवाशाला किंवा पादचाऱ्याला द्यावी लागणारी भरपाई विमा कंपनीने दिलीच, तरी ती मालकाकडून वसूल होण्याची शक्यता मोठी असते. इंधनाचा खर्च वाटून घेणे आणि भाडे आकारणे यांतील सीमारेषा अपघातानंतर तपासली जाते, तेव्हा खात्यावर जमा झालेल्या रकमाच चालकाविरुद्ध बोलतात.

दावा नाकारला गेला तर

नकाराचे कारण पॉलिसीतील कोणत्या कलमाखाली आहे, हे लेखी मागावे. तोंडी नकाराला काही अर्थ नाही. आधी कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करावी, आणि एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसेल, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जावे. लोकपालाकडे 50 लाख रुपयांपर्यंतच्या वादासाठी, कंपनीचा नकार आल्यापासून एका वर्षाच्या आत तक्रार करता येते. त्यासाठी शुल्क नसते आणि वकीलही लागत नाही. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत. गाडीचे नुकसान आणि मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा यांसाठी हा मार्ग उपयोगी आहे, थर्ड पार्टीच्या दाव्यासाठी नाही. तो न्यायाधिकरणातच चालतो.

दुसरा मार्ग ग्राहक आयोगाचा, आणि त्यासाठी मुदत दोन वर्षांची आहे. टॅक्सी हा व्यवसाय असल्यामुळे चालक ‘ग्राहक’ ठरत नाही, असा आक्षेप विमा कंपनीचे वकील तेथे घेतात. ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 मध्येच त्याचे उत्तर आहे: स्वयंरोजगारातून केवळ उपजीविका चालवण्यासाठी घेतलेल्या व वापरलेल्या वस्तूचा वापर व्यावसायिक हेतूचा मानला जात नाही. एकच टॅक्सी स्वतः चालवून घर चालवणाऱ्याने तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात हे वाक्य आपल्या परिस्थितीसह लिहावे आणि त्याच्या पुष्ट्यर्थ आरसी बुक, लायसन्स व ॲपची हिशेबपत्रके जोडावीत.